खेळाडूंचं मानसशास्त्र शिकायचंय. सोलापुरात राहून जमेल का?

खो_दिला | १४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचीच. एम.ए. मानसशास्त्राचं शेवटचं वर्ष आहे. शाळेपासून कॉलेजपर्यंत खो-खो खेळले. गुडघ्याने साथ सोडली आणि मैदान सुटलं, पण एक सामना डोक्यातून जात नाही. शेवटची पाळी, समोर त्यांची शेवटची तुकडी, हातात दीड मिनिट. आमची सगळ्यात चपळ मुलगी पाठलागावर होती. तिने लागोपाठ तीन फाउल केले. सरावात जी मुलगी डोळे मिटून खो द्यायची, तिचा त्या दिवशी हात आधी आणि आवाज मागून येत होता. नंतर ती म्हणाली, "मला माझे पायच दिसत होते गं, दुसरं काहीच दिसत नव्हतं." पुढच्या वर्षी ती खेळायला आलीच नाही.

तेव्हापासून हे काम करायचं ठरवलंय. आता अडचण अशी की रोज मोबाइलवर जाहिराती येतात. सहा आठवड्यांत प्रमाणपत्र, तीन महिन्यांत डिप्लोमा, आणि शेवटी नावापुढे 'स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट'. फी वीस हजारापासून लाखापर्यंत. वडील यंत्रमागावर आहेत, त्यामुळे पैसे एकदाच आणि एकाच जागी घालता येतील. कुठला कोर्स करू? आणि करून सोलापुरात काम मिळेल, की पुण्याला जावंच लागेल?

---

लिंबूटिंबू | १४ जून, रात्री १०:४०

काय करूलालास बे ताई, सोलापुरात खेळाडूला बूट घ्यायला पैसे नाहीत, मनासाठी कोण देणार! सहा आठवड्यांचा कोर्स कर, बोर्ड लाव, खाली शेंगाचटणी विकायला ठेव. एक तरी धंदा चालेल.

(चेष्टा केली, रागावू नका. धागा भारी आहे. वाचनखूण साठवली.)

---

शेंगाचटणी_परदेशी | १५ जून, पहाटे २:०५

मूळची जुळे सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये याच विषयात प्रशिक्षणार्थी. इथली शिडी सांगते. तिथे यायलाच पाहिजे असं नाही, पण खरं शिक्षण कशाला म्हणतात याचा अंदाज येईल.

इथे 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' ही पदवी कायद्याने राखून ठेवलेली आहे. २००९ पासून मानसशास्त्रज्ञांची नोंदणी एचसीपीसी नावाच्या नियामक संस्थेकडे आली. तिच्या नोंदवहीत नाव नसताना ही पदवी लावणं गुन्हा आहे. नोंदवहीत जायला आधी मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी, मग याच विषयातलं एम.एस्सी., आणि त्यानंतर किमान दोन वर्षं देखरेखीखालचं काम. हे शेवटचं काम ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या वाटेने करता येतं, किंवा पूर्वी बेसेस नाव असलेल्या क्रीडाविज्ञानाच्या संस्थेच्या. काही विद्यापीठांत तेच डॉक्टरेटमध्ये गुंफलेलं असतं.

एम.एस्सी. करताना मला वाटायचं, झालं, आता मला सगळं येतं. ध्येयनिश्चिती, मनातल्या मनात सराव, स्वतःशी बोलणं, श्वास, सगळं पाठ. पहिल्या फुटबॉल क्लबात गेले तर प्रशिक्षकाने विचारलं, "तू नक्की काय करणार आहेस?" मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. देखरेखीची दोन वर्षं असतात ती यासाठी. प्रत्येक भेटीची नोंद, प्रत्येक निर्णय का घेतला याचा हिशेब, आणि दर थोड्या दिवसांनी एक अनुभवी माणूस समोर बसून विचारणार: हे तू खेळाडूसाठी केलंस की स्वतःला हुशार वाटावं म्हणून?

अमेरिकेत खेळाडूंच्या मानसिक तयारीवर काम करणाऱ्यांना मिळणारी सीएमपीसी ही मान्यता बघ. मास्टर्स किंवा डॉक्टरेट, शिवाय अनुभवी माणसाच्या मार्गदर्शनाखाली ४०० तास, शिवाय परीक्षा. ४०० तास! सहा आठवड्यांच्या कोर्सवाल्यांना एवढंच विचार, यात प्रत्यक्ष खेळाडूबरोबरचे तास किती आणि ते तपासणार कोण.

---

कडक_भाकरी | १५ जून, सकाळी ७:३०

मी निवृत्त क्रीडाशिक्षक, माळशिरस तालुका. आमच्याकडे वेळापूरच्या बाजूला खो-खो म्हणजे काय ते सांगायला नको.

एक प्रसंग. आमची एक मुलगी पहिल्या पाळीत वाघीण आणि दुसऱ्या पाळीत गळून जायची. शाळेने एकाला बोलावलं. प्रमाणपत्रवाला होता, टाय वगैरे. त्याने मुलींना दीड तास पडद्यावर सिंह दाखवला. 'मनात जिंका मग मैदानात जिंकाल.' मुली टाळ्या वाजवून घरी गेल्या. पुढच्या स्पर्धेत तेच.

मग मी सहज त्या मुलीला विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" गप्प. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीकडे. पहाटे पाणी भरून, धाकट्याचं आवरून, कोरा चहा पिऊन मैदानात. तपासलं तर अंगात रक्त कमी. गोळ्या सुरू केल्या, माझी बायको रोज दोन भाकऱ्या आणि उसळ पाठवू लागली. दोन महिन्यांत दुसरी पाळी सुधारली. मनाचा दोष नव्हताच, पोटाचा होता.

ताई, मन शिकायला जाताय, जरूर जा. पण खेळाडू दिसला की आधी त्याचं ताट बघा, झोप बघा, घर बघा.

---

नाडीपरीक्षा | १५ जून, दुपारी ३:१५

कडक_भाकरी सरांना शंभर टक्के अनुमोदन. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच.

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्यानुसार. खेळाच्या मानसशास्त्रज्ञासाठी ब्रिटनसारखी वेगळी राखीव पदवी नाही. म्हणून तर बोर्ड लावणं सोपं. कायदा अडवत नाही म्हटल्यावर स्वतःच्या मर्यादेची रेघ स्वतःच मारावी लागते.

ती रेघ कुठे? माझ्याकडे एक पैलवान आला होता (तपशील बदलले आहेत). वजनगटासाठी आठवडाभर जवळजवळ उपाशी, घाम काढायला रबरी सूट. मग स्पर्धा संपली की तुटून खाणं, मग उलट्या, मग झोप नाही, मग 'जगून काय करू'. त्याआधी चार महिने कुणीतरी त्याला विजयाचं चित्र डोळ्यांसमोर आणायला लावत होतं. चित्र येत नाही म्हणून पोराला वाटलं आपण यातही नापास. नैराश्य ओळखता आलं नाही तर चांगलं तंत्रसुद्धा असं विष होतं.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्याची चाळणी करायला एक साधन तयार केलंय. त्याची पहिली पायरी दहा प्रश्नांची आहे. ते निदान करत नाही, कुणाला पुढे पाठवायचं तेवढं सांगतं. शिकणाऱ्याने ते वापरायला शिकावं आणि गावातले दोन डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ यांचे नंबर खिशात ठेवावेत. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

---

गारमेंट_गल्ली | १५ जून, रात्री ९:५०

माझी मुलगी रायफल शूटिंग करते, नववीत आहे. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य आणल्यापासून हिला दुसरं काही सुचत नाही. सरावात उत्तम गुण, स्पर्धेत घसरण. म्हणून पुण्यात एका मॅडमकडे नेलं. चार भेटी झाल्या. मी विचारलं, "काय बोलते ती?" मॅडम म्हणाल्या, "ते तिचं आणि माझं."

फी मी देतो. गाडीचं पेट्रोल माझं. पोरगी माझी. मला का सांगायचं नाही? या विषयाच्या शिक्षणात बापाशी कसं बोलावं हे शिकवतात की नाही?

---

शेंगाचटणी_परदेशी | १६ जून, पहाटे १:२०

दादा, तुमचा राग समजतो. मॅडमची चूक अशी की हे पहिल्या भेटीत, तुम्हाला समोर बसवून, सांगायला हवं होतं: काय घरी कळवणार, काय नाही. मुलगी अल्पवयीन आहे, तुमची संमती लागतेच. पण तिला जर वाटलं की इथे बोललेलं रात्री जेवताना ताटात येणार, तर ती बोलणार नाही, आणि मग तुमची फी खरंच वाया.

गुप्ततेलाही सीमा असते. तिच्या जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागतं. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पोक्सो कायदा, २०१२, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, प्रशिक्षक कितीही मोठा असला तरी. 'खो_दिला', हे तू पहिल्या दिवसापासून पाठ कर. मैदानात हेच सगळ्यात आधी दाबलं जातं.

---

गारमेंट_गल्ली | १६ जून, सकाळी ८:०५

ठीक. पण दहावीला खेळाचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. या वर्षी जिल्ह्यात नंबर आला नाही तर पुढचं सगळं हुकतं. मी काळजी करू नको?

---

कडक_भाकरी | १६ जून, सकाळी ८:४०

करा की. पण पोरगी बंदूक धरते तेव्हा तिच्या खांद्यावर दप्तर, नोकरी आणि तुम्ही असे तिघं बसलेले असतात. रायफल आधीच जड असते साहेब.

---

हुतात्मा_सकाळची | १६ जून, रात्री ११:३०

(आयडी यासाठी की निम्मं आयुष्य हुतात्मा एक्सप्रेसमध्ये गेलं. पुण्यात खेळाडूंबरोबर काम करतो, घर सोलापुरात.)

कोर्सचं विचारलंय म्हणून आधी तेवढं. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्राचं एम.ए. आहे. सरकारी संस्था, त्यामुळे प्रवेश आणि फीची माहिती थेट तिथूनच घे. पण तुझं एम.ए. होतच आलंय. दुसरं एम.ए. करण्याआधी सुपरव्हिजन शोध. म्हणजे असा माणूस जो तुझ्या कामाच्या नोंदी वाचेल, चुका दाखवेल, आणि त्याचे पैसे घेईल. हो, पैसे घेईल. फुकट सुपरव्हिजन तिसऱ्या महिन्यात बंद पडतं, हा माझा अनुभव. लाखाच्या डिप्लोम्यापेक्षा वर्षभराचं सुपरव्हिजन स्वस्त पडेल.

आणि नाव जपून लाव. भारतीय क्रिकेट संघाबरोबर २०११ चा विश्वचषक, पुढे २०२४ मध्ये गुकेशबरोबर जागतिक बुद्धिबळ स्पर्धा, असं काम केलेल्या पॅडी अप्टनची ओळख 'मेंटल कंडिशनिंग कोच' अशी करून दिली जाते. हा माणूस मूळचा दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा फिटनेस ट्रेनर. जे आहोत तेच लिहिलं तर काम अडत नाही. तू 'मानसशास्त्राची पदवीधर, खेळाडूंबरोबर देखरेखीखाली काम करते' एवढंच लिही. लांब आहे, पण खरं आहे.

आता तुझ्या त्या मैत्रिणीबद्दल. 'मला माझे पायच दिसत होते' हे वाक्य पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं आहे. जे अंगात मुरलेलं असतं त्याकडे ताणाखाली मुद्दाम लक्ष दिलं की ते विस्कटतं. गॅब्रिएल वुल्फ यांचं यावर मोठं काम आहे. लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल जास्त सफाईदार होते. मग खो-खोत बाहेरचं काय? समोरच्या गड्याची कंबर? पुढच्या बैठकीची पाठ? हे मला माहीत नाही, तुला माहीत आहे. तू खेळलीस हे तुझं भांडवल आहे.

दुसरं, सगळ्यांना एकच औषध देऊ नकोस. 'शांत राहा' हे रायफलवाल्याला ठीक, पण पैलवानाला? यर्कीस आणि डॉडसन यांचा १९०८ चा उलट्या यू आकाराचा नियम सगळे शिकवतात: उत्तेजना मध्यम असेल तर कामगिरी चांगली. पुढे युरी हानिन यांनी दाखवलं की प्रत्येकाचा पट्टा निराळा. एकाला सामन्याआधी चिडचिड लागते, दुसऱ्याला जांभई. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एका पोराला आखाड्यात उतरायच्या आधी ते दोन शिव्या द्यायचे, दुसऱ्याच्या पाठीवर नुसता हात ठेवायचे. आणि शड्डू ठोकणं म्हणजे तरी काय? माती कपाळाला, मांडीवर थाप, नजर समोर. कामगिरीआधीचा ठरलेला क्रम, ज्याला आम्ही इंग्रजीत मोठं नाव देऊन फी लावतो. अभ्यासाला सुरुवात करायची तर गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलण्याचा सराव चालतो तिथे महिनाभर जाऊन उभी राहा. वही घेऊन. काही शिकवायला जाऊ नकोस.

---

लिंबूटिंबू | १६ जून, रात्री ११:५२

वस्तादाच्या दोन शिव्यांची फी किती धरायची? आमच्या घरात तीन पिढ्यांची थकबाकी निघेल.

---

नाडीपरीक्षा | १७ जून, दुपारी २:००

या विषयाच्या नावात 'व्यायाम' पण आहे, ते सगळे विसरलात. सोलापुरात काम मिळेल का याचं उत्तर मला तिथे दिसतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर 'रोज चाला' लिहितो आणि काम झालं समजतो. माझ्या मित्राकडे मधुमेहाच्या एक बिडी कामगार मावशी येतात. सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. तीन वेळा 'चाला' सांगितलं, चालल्या नाहीत. चौथ्यांदा विचारलं का, तर म्हणाल्या, "बिनकामाची कुठं फिरती म्हणतील बाया." यावर इच्छाशक्तीचं भाषण देऊन काय होणार? बिड्या द्यायला कारखान्यावर तर त्या जातातच. रिक्षा दोन चौक आधी सोडायची असं ठरलं, शेजारणीला सोबत घ्यायचं ठरलं. आता चालतात. डेसी आणि रायन यांचा सिद्धांत हेच सांगतो: माणसाला आपलं आपण ठरवल्यासारखं वाटलं, जमतंय असं वाटलं आणि सोबत मिळाली की काम टिकतं. हृदयविकार, मधुमेह, पाठदुखीवाल्या डॉक्टरांना असं माणूस हवं आहे. पदकवाल्यांची रांग लागेपर्यंत ताईंचं घर यावर चालेल.

---

खो_दिला | १७ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे खूप आभार. इतकं अपेक्षित नव्हतं. डिप्लोमाचा फॉर्म भरला नाही. हुतात्मा सर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

खो_दिला | २२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

धागा वर काढते आहे. कुणी तरी विचारलं होतं पुढे काय झालं म्हणून.

एम.ए. झालं. दर पंधरा दिवसांनी पुण्याला एका मॅडमकडे सुपरव्हिजनला जाते, मधल्या वेळी ऑनलाइन. खर्चासाठी एका फिजिओथेरपी दवाखान्यात अर्धा दिवस बसते, व्यायाम अर्धवट सोडणाऱ्यांशी बोलायचं काम. आणि एका शाळेच्या खो-खो संघाबरोबर आठवड्यातून दोनदा मैदानावर. शाळा महिन्याला थोडे पैसे देते. पहिले तीन महिने फुकट केलं, तेव्हा प्रशिक्षक मला दोर धरायला लावायचे. पैसे मागितल्यावर बैठकीला बोलवायला लागले. हे मला अजून कळलेलं नाही, पण झालं खरं.

नंदीध्वजाच्या सरावाला गेले होते, वही घेऊन. चार दिवस काही लिहिता आलं नाही. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी फक्त काठी पेलणाऱ्याकडे बघत होते. त्याच्या बाजूने चालणाऱ्यांकडे, जे कधीही हात घालायला तयार असतात त्यांच्याकडे, बघितलंच नव्हतं. सुपरव्हिजनमध्ये सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "आता संघाच्या नोंदी परत वाच." वाचल्या. आठ पानांत पाठलाग करणारीचं नाव सतरा वेळा, आणि बसलेल्या आठ जणींचं मिळून दोनदा.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्टही सांगते. एका मुलीची भेट तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने रेकॉर्ड केली होती. मॅडमनी घड्याळ लावून ऐकली. ४५ मिनिटांत मी ३१ मिनिटं बोलले होते. ती मुलगी दोनदा म्हणाली होती "तसं नाही ताई," आणि दोन्ही वेळा मी तिला स्वतःशी चांगलं बोलण्याचं तंत्र समजावत पुढे गेले. तिला काय 'तसं नाही' ते मला पुढच्या भेटीत विचारावं लागलं. तिला कर्णधारपद नको होतं, एवढंच होतं.

माझी ती जुनी मैत्रीण भेटली परवा नवी पेठेत. कडेवर मूल होतं. मी काय करते ते सांगितलं. तिला 'पायच दिसत होते' हे वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. म्हणाली, "मी खेळ सोडला तो लग्न ठरलं म्हणून गं, त्या सामन्याचं काय एवढं." मी आठ महिने सगळ्यांना तिची गोष्ट सांगत होते! घरी येऊन वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

---

शेंगाचटणी_परदेशी | २३ फेब्रुवारी, पहाटे १:४५

३१ मिनिटं! माझी पहिली टेप ३८ होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

---

कडक_भाकरी | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

ताई, उन्हाळा येतोय. एप्रिलमध्ये दुपारचा सराव ठेवू देऊ नका त्या प्रशिक्षकाला, मनाचं नंतर बघा. आणि मुलींनी काय खाल्लं ते विचारता ना?

---

खो_दिला | २३ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

पहिला प्रश्न तोच असतो सर.

---

गारमेंट_गल्ली | २३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

खो_दिला ताई, पुण्याला जाणं आता मुलीला अभ्यासामुळे झेपत नाही. तुमच्या सुपरव्हिजनच्या मॅडमची हरकत नसेल तर रविवारी तिला तुमच्याकडे आणतो. सुरुवातीला मला आत बोलवा आणि काय सांगणार, काय नाही ते एकदा समोर सांगा. मग मी समोरच्या चहाच्या गाडीवर थांबतो. किती वाजता यायचं आणि किती वेळ लागेल तेवढं कळवा.